दवाखान्याच्या कट्ट्यावर: सेवेला नव्याने निघणाऱ्यांसाठी

पहाटे साडेपाचला मिरजेतल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या कट्ट्यावर जाऊन बघा. कुणी चादरीची घडी घालत असतं, कुणी नळावर चूळ भरत असतं, कुणी चिठ्ठी मुठीत धरून मेडिकल उघडायची वाट बघत असतं. यातला पेशंट एकही नाही. पेशंट आत कॉटवर, आणि ही बाहेर थांबलेली त्यांची माणसं. जत, आटपाडी, अथणी, रायबाग, चिकोडी, पार विजापूरपर्यंतची.

आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ तिथे पहिल्यांदा गेला तेव्हा आम्ही ग्लुकोज बिस्किटांचे साठ पुडे नेले होते. वाटायला सुरुवात केली. एका आजीनं पुडा घेतला, उलटसुलट केला आणि पिशवीत टाकला. पिशवीत तसलेच चार पुडे आधीच पडलेले. मग म्हणाली, "बाळा, ह्ये आसूं दे. फोन तेवढा चार्ज करून आणतोस का? लेकाला सांगायचं हाय, आपरेशन उद्यावर गेलंय."

आम्ही आठ जण होतो. चार्जर एकाकडेही नव्हता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दर बुधवारी पहाटे आमच्यातले दोघं-तिघं अजून जातात. मंडळीत नवीन आलेली किंवा आता कुठे विश्वास मनावर घेतलेली पोरं-पोरी विचारतात, "आम्हालाही काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय. उदाहरण दवाखान्याचं आहे, कारण मला तेवढंच नीट येतं. तुमच्या गावात एसटी स्टँड असेल, ऊसतोडीची पालं असतील. थोडा फेरफार करून घ्या.

एक जागा, एक वार

नवीन माणसाची पहिली चूक म्हणजे सगळीकडे जाणं. नाताळात एकदा ब्लँकेटं, उपवासकाळात एकदा अनाथाश्रम, मधे पूर आला तर पूर. असं करू नका. एक जागा धरा, एक वार धरा, आणि तीन महिने तिथेच जा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वॉचमन ओळखायला लागतो, चहावाला ओळखायला लागतो, आणि खरी माहिती तिथून मिळते: नळाला पाणी कधी जातं, एजंट कोण आहे, कालपासून कोण उपाशी बसलंय.

मिरजेला दवाखान्याचीच जागा का, याला कारण आहे. डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे. १८८९ मध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून ते भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. त्यानंतर हे गाव दवाखान्यांचं गाव झालं ते आजतागायत. तेव्हा बैलगाडीनं यायचे, आता वडापच्या जीपनं येतात. पेशंटसोबत चार माणसं यायची पद्धत मात्र तीच आहे, आणि त्या चौघांची सोय बघणारं कुणी नसतं.

आधी परवानगी, मग जोडीदार

सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं. त्यांना आधी भेटा. आम्ही कोण, किती जण, कुठल्या वारी, काय करणार आणि काय करणार नाही, हे एका कागदावर लिहून द्या. खाजगी किंवा ट्रस्टच्या दवाखान्यात व्यवस्थापकाला भेटा. "वॉर्डात जाणार नाही, पेशंटला खायला देणार नाही" ही दोन वाक्यं त्या कागदावर असली की निम्मं काम होतं. आणि ती खरोखर पाळायची. कुणाला साखर असते, कुणाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेलं असतं. आपल्या प्रेमाच्या केळ्यानं ऑपरेशन पुढे जायचं.

एकट्यानं जाऊ नका. येशूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं (लूक १०:१), त्यात मोठा शहाणपणा आहे. शक्यतो एक बाई, एक पुरुष. बाईमाणूस एकटी बसली असेल तर तिच्याशी बोलायला आपल्यातली ताईच गेली पाहिजे. तरण्या पोरानं उत्साहात शेजारी जाऊन बसू नये.

विचारायचं कसं

इथे थोडं थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तिमय ओरडत होता. येशूनं त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? (मार्क १०:५१). आंधळा माणूस, त्याला काय हवंय हे गर्दीतलं पोरही सांगेल. तरी विचारलं. मी हा उतारा लहानपणापासून ऐकत आलो, पण त्या आजीनं बिस्किटं पिशवीत टाकून फोन चार्ज करायला सांगितलं त्या दिवशी तो मला पहिल्यांदा कळला.

पण एक फरक ध्यानात घ्या. बार्तिमय ओरडत होता. कट्ट्यावरचा माणूस ओरडत नाही. त्याला जाऊन "काही मदत हवी का?" विचारलंत तर शंभरातले नव्वद म्हणणार, "नको, सगळं हाय." आपल्याकडे माणूस अनोळखी माणसापुढे हात पसरत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून प्रश्न लहान करा, हो-नाहीत उत्तर देता येईल इतका लहान:

"पेशंट कुठल्या वॉर्डात आहे?"
"रात्री झोप झाली का?"
"गरम पाणी आणलंय, देऊ का?"

पहिल्या प्रश्नाला उत्तर आलं की थांबा. ते बोलतील. दोन मिनिटं शांत राहायची तयारी ठेवा, ती दोन मिनिटं नवीन माणसाला फार लांब वाटतात. मग हळूच येतं, "तेवढं ह्या कागदावर काय लिवलंय वाचून दाखवता का?"

बाई-माणसांना ताई, मावशी, आजी. पुरुषांना दादा, काका, मामा. "पेशंटचे नातेवाईक" असं त्यांच्या तोंडावर म्हणू नका, ती दवाखान्याची भाषा झाली. आमच्याकडे निम्मी माणसं कानडी बोलणारी. आम्हाला कुणाला कानडी येत नव्हतं. एका हमालानं दोन वाक्यं शिकवली, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलात का, आणि "बिसी नीरु बेका?" म्हणजे गरम पाणी हवंय का. त्या दोन वाक्यांवर आम्ही सहा महिने काढले. उच्चार ऐकून बायका हसायच्या, पण हसल्यावर बोलायच्या.

पिशवीत काय असावं

आमची पिशवी बघून नवीन पोरं नाराज होतात. तिच्यात बायबल नसतं आणि बिस्किटंही नसतात.

दहा लिटरचा गरम पाण्याचा कॅन, नळ असलेला. कट्ट्यावर सगळ्यात जास्त खप याचा. बाळाची दुधाची पावडर, म्हाताऱ्याचं औषध, थंडीत तोंड धुणं, सगळ्याला गरम पाणी लागतं आणि चहावाला नुसत्या पाण्याचेही पैसे घेतो. पाणी घरून उकळून न्यायचं आणि कॅन रोज घासायचा. लहान मुलाच्या तोंडात जाणार आहे ते.

मग पेन. एक सोडून पाच, कारण पेन परत येत नाहीत. पॉवर बँक आणि तीन तोंडांची चार्जिंगची वायर. चष्म्याची एक साधी जोडी, अधिक दोन नंबरची. फॉर्म वाचण्यापुरती चालते. सुतळी, दोन रिकाम्या पिशव्या, सॅनिटरी पॅड. पॅडचं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं, महिला मंडळातल्या एका काकूंनी पिशवी उघडून बघितली आणि आम्हा पोरांकडे बघून नुसती मान हलवली.

पाण्याचं म्हणाल तर मिरजकरांनी २०१६ चा एप्रिल आठवावा. लातूर तहानलेलं होतं आणि इथून रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, पाच लाख लिटर. स्टेशनवर ती भरताना बघायला आम्ही गेलो होतो. बायबलात मत्तय म्हणतो, गार पाण्याचा एक पेला दिला तरी तो वाया जात नाही (१०:४२). आमच्या घरी तेव्हापासून पेला आणि वाघीण हा विनोद चालतो. आपण पेलावाले. वाघिणीचं काम सरकारनं करायचं, आणि करत नसेल तर आठवण करून द्यायची.

कागद

गरम पाण्यानंतर दोन नंबरला कागद. इथे थोडा अभ्यास करून जा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना, जिथे लागू आहे त्या प्रत्येक दवाखान्यात योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र खिडकीवर बसतो. माणसं तीन-तीन दिवस कट्ट्यावर बसतात आणि ती खिडकी त्यांना माहीतच नसते. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्यांना तिथपर्यंत नेऊन सोडणं, बस, एवढंच काम. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या कुटुंबांनाही ही योजना लागू करायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये घेतला, तेव्हा पलीकडून आलेल्या माणसाला "तुम्हाला नाही मिळणार" असं आपणच सांगून मोकळं होऊ नका. खिडकीवर विचारू द्या.

दुसरं, धर्मादाय रुग्णालयं. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा तहसीलदाराचा दाखला किंवा योग्य रंगाचं रेशनकार्ड लागतं. बऱ्याचदा कागद घरी असतो आणि माणूस इथे. घरच्याला फोन लावून कागदाचा फोटो मागवणं, त्याची झेरॉक्स काढून आणणं, ही वीस रुपयांची सेवा आहे आणि तिच्यानं हजारो रुपये वाचतात.

फॉर्म भरताना सही किंवा अंगठा त्यांचा. काय लिहिलंय ते वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका.

पैसे

चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे शोमरोनातल्या परक्या माणसाची, गोष्ट (लूक १०) पुन्हा हिशेबाच्या नजरेनं वाचा. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरची उजाड वाट, लुटलेला माणूस. शोमरोन्यानं तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, त्याला स्वतःच्या जनावरावर घातलं आणि उतारशाळेत आणलं. दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. हे पैसे त्यानं जखमी माणसाच्या हातात दिले नाहीत, उतारशाळेच्या मालकाला दिले. वर सांगितलं, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. आणि आपल्या कामाला निघून गेला!

हा शेवटचा भाग उपदेशात कुणी सांगत नाही. तो तिथेच राहिला नाही. रक्कम ठरवली, जबाबदार माणसाकडे सोपवलं, परत यायचं कबूल केलं. नव्या माणसाला याहून चांगली नियमावली मला देता येणार नाही.

आमचा व्यवहार असा. रोख द्यायची नाही. औषधाची चिठ्ठी असेल तर मेडिकलवर सोबत जाऊन बिल भरायचं, बिल त्यांच्याकडे. एका कुटुंबाला एका वेळी पाचशेच्या वर नाही; जास्त लागत असेल तर मंडळीच्या पंचांना विचारायचं. स्वतःच्या खिशातून गुपचूप देऊ नका. आज तुम्ही दोन हजार दिलेत तर पुढच्या बुधवारी तुमच्या जोडीदाराकडे दोन हजार मागितले जातील आणि तो वाईट ठरेल.

आम्ही फसलोय. फाइल हातात घेतलेला एक माणूस, ॲम्ब्युलन्सला तीन हजार कमी पडताहेत म्हणाला. दिले. नंतर कळलं, त्या नावाचा पेशंट कुठल्याच वॉर्डात नव्हता. त्या तीन हजारांचं वाईट दोन दिवस वाटलं. खरं वाईट झालं ते पुढच्या आठवड्यात. एका खऱ्या बापाला आम्ही उलटसुलट विचारून इतकं हैराण केलं की तो चिठ्ठी घडी करून खिशात घालून निघून गेला. तेव्हापासून सगळ्यांनाच वॉर्ड आणि कॉट नंबर विचारतो, पहिल्याच गप्पांत. सगळ्यांना विचारलं की कुणाला टोचत नाही.

येशूचं नाव कधी घ्यायचं

आता अवघड जागेचं दुखणं.

पहिल्या वर्षी मी एका ताईंना औषध आणून दिलं. नवऱ्याचं ऑपरेशन होतं. मी लगेच त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. डोळे उघडले तर त्या पदर घट्ट ओढून दगडासारख्या बसल्या होत्या, आणि आजूबाजूची माणसं बघत होती. त्यांनी "नको" का म्हटलं नाही? कारण औषधाची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. आपण दिलेलं हातात असताना माणूस आपल्याला नाही म्हणू शकत नाही. मग ती प्रार्थना त्यांची होती की माझी?

म्हणून आमच्यात नियम झाला. ज्यानं मदत केली त्यानं स्वतःहून प्रार्थनेचं काढायचं नाही. पत्रक द्यायचं नाही, पिशवीत ठेवायचंच नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाकडनं आलाय?" तर लपवायचंही नाही: "आम्ही चर्चची माणसं." तेवढंच. आणखी विचारलं तर आणखी सांगा. येशूचा शिष्य पेत्रही म्हणतो की जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं (१ पेत्र ३:१५). विचारेल त्याला. कुणी "माझ्या पोरासाठी देवाला सांगा" म्हणालं तर तिथेच, हळू आवाजात, एक मिनिट. औषध बंद करून प्रार्थनेवर भिस्त ठेवा असं चुकूनही बोलू नका.

आपल्या पोरांना याचा राग येतो. म्हणतात, मग साक्ष कुठे राहिली? त्यांना सांगतो, येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच (लूक १७). उरलेल्या नऊ जणांचा रोग परत आल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

आणि फोटो नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला की अंगठ्यांचा पाऊस पडतो, माहीत आहे. उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका असं सांगितलंय (मत्तय ६:३). आपल्याकडे ते दोनशे जणांच्या ग्रुपला कळतं. कट्ट्यावरची माणसं घाईत, विस्कटलेली, रडून सुजलेल्या डोळ्यांची असतात. त्यांचा फोटो काढायचा नाही.

वाटेत अपघात दिसला तर

पहाटे जाता-येताना हे कधीतरी होणारच. आपली गाडी सुरक्षित लावा. १०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी फोन, नाहीतर ११२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा आणि फडकं काढून बघत बसू नका. मान-पाठ हलवू नका, आग किंवा वाहनांचा धोका असेल तरच हलवा. पाणी पाजू नका. माणसं बाटली घेऊन पुढे येतातच, त्यांना थांबवा.

पोलिसांच्या लफड्याची भीती सोडा. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. या कायद्यात मदत करणाऱ्याला इंग्रजीत जे नाव दिलंय ते म्हणजे 'गुड समॅरिटन'. आपला शोमरोनीच! लूकच्या दहाव्या अध्यायातला तो परका माणूस भारताच्या कायद्यात येऊन बसलाय, आणि अपघातापाशी गाडी हळू करून बघून पुढे जाणाऱ्यांत आपण असायचं, हे काही बरं दिसत नाही.

रक्त

यावर थोडक्यात. वय अठरा ते पासष्ट, वजन पंचेचाळीस किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी देता येतं. मंडळीतल्या देणाऱ्यांची गटवार यादी एका वहीत करा आणि शेवटचं कधी दिलं ती तारीख लिहा. फोन करायचं काम एकाकडेच ठेवा. कुणासाठी चाललंय, कुठल्या जातीचा-धर्माचा, हे देणाऱ्यानं विचारायचं नाही.

आत कुणी दगावलं तर

हे शिकवून येत नाही, तरी सांगून ठेवतो. एखाद्या बुधवारी तुम्ही पाणी ओतत असताना आतून कुणीतरी येईल, शेजारच्या मावशीला हाक मारेल, आणि तिचा आवाज तुम्हाला पुढे कित्येक दिवस ऐकू येईल.

बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत (ईयोब २:१३). तिथवर ते बरोबर होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. "देवाची इच्छा", "सुटला बिचारा", "चांगल्या जागी गेला" यातलं काहीही म्हणू नका. वचन सांगू नका.

कामं असतात ती बघा. गावी फोन लावायचा असतो आणि हात थरथरत असतो. नंबर लावून द्या, बोलू द्या त्यांना. कागदावर सही करायला कुणाला तरी आत जावं लागतं. शववाहिकेचा दर ठरवायचा असतो, आणि तेव्हा घासाघीस करायचं त्राण घरच्यांत नसतं. ती तुम्ही करा. आलेल्या लहान पोराला कुणी बघत नसतं, त्याला चहावाल्याकडे नेऊन बसवा.

आणि कट्ट्यावर त्यांचं बोचकं पडलेलं असतं: चादर, डबा, चप्पल, एक्स-रेचं पाकीट. सगळे आत पळालेले असतात. ते परत येईपर्यंत बोचक्यापाशी थांबा.